जाळरेषा काढूनही डोंगर का जळतो?

आपण लिहिले आहे की सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आपल्या गावाने तीन पावसाळ्यांत गायरानावर आणि त्याला लागून असलेल्या मालकीच्या उतारावर मिळून सुमारे १,१०० रोपे लावली, गावाच्या हद्दीवर सलग जाळरेषा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढली, आणि तरीही गेल्या मार्चमध्ये शेजारच्या गावाच्या बाजूने आलेल्या वणव्यात एका दुपारी त्यातील बहुतेक रोपे गेली. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने आता एक लाख रुपये जमवले आहेत. त्यातून ब्लोअर (हवेच्या झोताने पाचोळा उडवणारी यंत्रे) घ्यावेत की पाठीवरचे पंप, आणि शेजारच्या गावाविरुद्ध तक्रार करावी की नाही, असे आपले दोन प्रश्न आहेत.

दोन्हींची उत्तरे मी पुढे देतो. पण आपल्या मजकुरातील एक वाक्य मला त्या प्रश्नांपेक्षा महत्त्वाचे वाटले. ‘आमच्या हद्दीत कोणी काडी लावत नाही,’ असे आपण म्हटले आहे. ते खरे आहे असे धरून चालतो. म्हणजे आपल्या गावाने आपल्यापुरते करायचे ते केले आहे आणि जे उरले आहे ते सगळे हद्दीबाहेरचे आहे. वणव्याचा बंदोबस्त गावाची शीव धरून होत नाही, तो डोंगराची सोंड, म्हणजे मुख्य डोंगरातून खाली उतरत आलेली रांग, धरून करावा लागतो. एका सोंडेला जेवढी गावे आणि वाड्या टेकलेल्या आहेत, त्या सगळ्यांनी मिळून कोणी, कोठे, कधी आणि कशासाठी जाळायचे हे ठरवले नाही, तर आपली जाळरेषा दरवर्षी ओलांडली जाईल. ‘जाळायचे’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. ‘यापुढे कोणीही जाळणार नाही’ असे ग्रामसभांचे ठराव मी भरपूर पाहिले आहेत. ते ठराव फायलींमध्ये सुरक्षित राहिले आणि डोंगर मात्र जळत राहिले.

मी वनखात्यात ३३ वर्षे काढली, त्यातील काही पूर्व विदर्भात आणि बरीचशी सह्याद्रीच्या पूर्व उतारावर. निवृत्तीनंतर चार-पाच गावांबरोबर याच कामात आहे. सुरुवातीची माझी समजूत सरळ होती. आग लावणे हा गुन्हा आहे, तेव्हा गुन्हा नोंदवावा. एका हंगामात मी आठ वनगुन्हे नोंदवले. त्यांपैकी सातांमध्ये आरोपीच्या रकान्यात ‘अज्ञात इसम’ असे लिहावे लागले आणि आठव्यात मेंढरे राखणारा एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा सापडला. पुढच्या वर्षी त्या मुलाच्या वाडीतून वणवा विझवायला एकही माणूस वर आला नाही, आणि एकाच रात्री तीन ठिकाणी आग दिसली. माझ्या नोकरीतला तो सर्वांत उपयोगी धडा होता, आणि तो मला फार महाग पडला.

आपल्याकडच्या कोरड्या उतारांवर वणवा निसर्गतः लागण्याची शक्यता नगण्य आहे. बांबू एकमेकांवर घासून आग लागते, हे मी अनेक मोठ्या माणसांकडून ऐकले आहे. पाहिलेले कधीच नाही. आग माणूस लावतो, आणि बहुतेक वेळा त्याच्याकडे कारण असते. ते कारण भागानुसार बदलते. गडचिरोली-चंद्रपूरकडे मोहाची फुले वेचताना दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून झुडपे जाळतात. कोकणात तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, राब भाजतात, आणि कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), पाला, शेण यांची ती भाजावळ वाऱ्याने आंबा-काजूच्या बागेत शिरते. आपल्या बाजूला गवत नवे फुटावे म्हणून, रानडुकरांना हुसकावण्यासाठी, बिबट्याच्या भीतीने वाट मोकळी दिसावी म्हणून, मधाच्या पोळ्याला धूर देताना, आणि खालच्या पट्ट्यात उसाचे पाचट पेटवल्यावर ते बांधावरून चढत गेल्यामुळे वणवे लागतात. गडावर रात्री मुक्कामाला आलेल्यांची शेकोटी हे अलीकडचे कारण आहे. आपल्या सोंडेवर यांतले नेमके कोणते कारण लागू आहे, हे कळल्याशिवाय कोणतेही यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे शोधण्याची रीत साधी आहे. गावातील चार जाणती माणसे आणि दोन गुराखी यांना घेऊन बसावे, डोंगराचा हाताने काढलेला मोठा नकाशा समोर ठेवावा आणि गेल्या पाच वर्षांत धूर पहिल्यांदा कोठे दिसला, एवढेच विचारावे. कोणी लावली, हे विचारू नये. ते विचारले की माणसे गप्प होतात. ठिकाण, महिना आणि वेळ मिळाली की कारण बहुधा आपोआप उलगडते. पायवाटेच्या कडेला दुपारी लागलेली आग आणि पठारावर संध्याकाळी एका ओळीत लागलेली आग, या दोन्ही वेगळ्या माणसांच्या असतात. जोडीला भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या ‘वन अग्नी’ संकेतस्थळावर नोंदणी केल्यास उपग्रहाने टिपलेल्या आगींचे संदेश मोबाइलवर येतात. त्यांचा उपयोग आहे, पण मर्यादा लक्षात ठेवाव्यात. त्यातील अधिक बारीक नोंद ३७५ मीटरच्या चौकोनाची असते, त्यामुळे आग धारेच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या रेषेच्या, अलीकडे की पलीकडे हे त्यावरून ठरवू नये. शिवाय तो उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास आपल्यावरून जातो; चार वाजता पेटून आठ वाजता विझलेला गवताचा वणवा त्याला दिसतच नाही. शेजारच्या गावाला तो नकाशा पुरावा म्हणून दाखवण्याची चूक एका गावाने केली होती. समोरच्यांनी त्याच नकाशातील दुसरा ठिपका दाखवला, आणि बैठक तिथेच संपली.

आता मूळ मुद्दा. मी वनखात्याच्या ज्या परिक्षेत्रात (रेंजमध्ये) सर्वांत जास्त वर्षे होतो, तिथे तीन गावांच्या सीमेवर मारुतीचे एक देऊळ होते. भाताची मळणी उरकल्यावर, मार्गशीर्षात, तिथे आम्ही पहिली एकत्र बैठक घेतली. गणवेश न घालता गेलो होतो. बराच वेळ कोणी काही बोलले नाही, मग माणदेशाकडून कळप घेऊन येणारे एक वयस्कर मेंढपाळ म्हणाले, “सायब, कुसळं मेंढरांच्या कातड्यात शिरत्यात, तोंडात रुतत्यात. जाळल्याबिगर माझं कसं व्हायचं?” मला त्या क्षणापर्यंत हे ठाऊक नव्हते, असे नाही; पण तोवर ते मला कारण वाटत नव्हते, सबब वाटत होती. वाळलेल्या कुसळी गवताची टोके मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसतात आणि जखमा होतात, ही वस्तुस्थिती आहे. त्यांना डोंगर जाळायचा नव्हता. त्यांना पठारावरचा, कळप बसतो तेवढा तुकडा मोकळा हवा होता. मार्चमध्ये लावलेली आग तेवढ्यावर थांबत नाही, हा त्यांचाही त्रासच होता.

त्यातून जे ठरले ते असे. पठारावरचा मालकीचा एक लांबट पट्टा, जो तसाही तिन्ही गावांच्या मधोमध येत होता, तो डिसेंबरअखेरीस, गवताचा बुडखा अजून ओलसर असताना आणि रात्री दव पडत असताना, सगळ्यांच्या उपस्थितीत जाळायचा. सायंकाळी वारा पडल्यावर आधी वरच्या कडेने पेटवायचे, म्हणजे आग उतारावरून हळूहळू खाली सरकते. खालून पेटवली तर ती धावते. मेंढपाळांना मोकळे रान मिळाले, आणि तिन्ही गावांना फुकटात रुंद जाळरेषा मिळाली. ज्या माणसाला मी दोन वर्षे आरोपी समजत होतो, तोच माणूस पुढे जानेवारी ते मे वरच्या पठारावर मुक्कामाला असणारा आमचा सर्वांत भरवशाचा पहारेकरी झाला, कारण आता उशिरा लागणाऱ्या आगीत त्याचेही नुकसान होते.

इथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. राखीव वनात असे जाळणे गावाने स्वतःहून करायचे नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली तो गुन्हा आहे, आणि तिथली जाळरेषा वनखात्यानेच जाळायची असते. मालकीच्या जमिनीत जाळतानाही आग बाहेर गेली तर जबाबदारी आपलीच राहते, म्हणून वनरक्षक आणि पोलीस पाटील यांना लेखी कळवून, त्यांच्या समक्षच हे करावे. वारा असेल त्या दिवशी काम रद्द करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला द्यावा आणि तो सर्वांनी मानावा.

आग वेळेवर लावली तर ती वणव्याची शत्रू ठरते, ही कल्पना माझी नाही. कर्नाटकातील बिळिगिरी रंगन डोंगरातले सोलिगा लोक हंगामाच्या सुरुवातीलाच पाचोळ्याची हलकी आग लावत असत, आणि ती बंद झाल्यावर घाणेरीची झुडपे माजली, असे त्यांचे म्हणणे आहे. उत्तराखंडात अल्मोडा जिल्ह्यातील शीतलाखेत परिसरातील गावांनी शेताच्या बांधावरचे काटेकुटे जाळण्याची जुनी पद्धत मोडली नाही. फक्त ते काम ३१ मार्चपूर्वी उरकायचे, असे एकत्र ठरवले. तिथल्या चीडच्या (पाइनच्या) जंगलात आगीचा जोर एप्रिल-मेमध्ये असतो, म्हणून त्यांची तारीख ती. आपल्याकडे गवत त्याच्या कितीतरी आधी वाळते, त्यामुळे ती तारीख उचलून इकडे लावली तर अनर्थ होईल. उचलायची आहे ती तारीख ठरवण्याची पद्धत.

सगळीच कारणे अशी वेळ बदलून सुटत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. काही ठिकाणी पर्याय द्यावा लागतो. मोहाच्या झाडाखाली जाळी अंथरली की फुले स्वच्छ मिळतात आणि पाचोळा पेटवण्याची गरज राहत नाही. काही ठिकाणी मालकीची भावना लागते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जंगल आपले म्हणून कागदावर आल्यानंतर आगीकडे पाहण्याची नजर बदलते, हे मी त्या भागात स्वतः पाहिले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तर तेंदूपाने तोडणेच थांबवले, कारण त्यासाठी झाडे छाटावी आणि जंगल पेटवावे लागते. हक्काचे उत्पन्न सोडण्याचा तो निर्णय होता, आणि बाहेरच्या कोणत्याही अधिकाऱ्याला तो त्यांच्यावर लादता आला नसता. काही ठिकाणी मात्र शिकार किंवा जमिनीचा वाद हे कारण असते, आणि तिथे चर्चेने फारसे साधत नाही. त्याकडे मी तक्रारीच्या प्रश्नात येतो.

‘जाळल्याने गवत चांगले येते’ या समजुतीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण शेजारच्या गावाशी बोलताना हा विषय निघेलच. ही समजूत निव्वळ चुकीची आहे, असे म्हणून त्यांना दुखवू नये. जळालेल्या जमिनीवर हिरवे कोंब लवकर दिसतात, हे खरे आहे. पण जळून गेलेल्या उभ्या गवताचा हिशेब कोणी धरत नाही. वर्षानुवर्षे जाळलेल्या आणि चरलेल्या उतारावर मारवेल, पवन्या यांसारखी गुरांना आवडणारी गवते मागे पडतात आणि आगीला दाद न देणारी कुसळी पसरते. म्हणजे ज्या कुसळांसाठी जाळतात तीच कुसळे जाळल्याने वाढतात. मी हे भाषणात सांगून कोणाला पटलेले नाही. दहा गुंठ्यांचा एक तुकडा दोन वर्षे राखून, त्यातून गवताच्या किती पेंढ्या निघाल्या हे दाखवले, तेव्हा पटले.

आता आपली जाळरेषा. आपण ती गावाच्या हद्दीवर काढली आहे आणि ती हद्द, आपल्या वर्णनावरून, उताराच्या मध्यातून जाते. मोजणीच्या दृष्टीने ती जागा बरोबर असली तरी आगीच्या दृष्टीने ती सर्वांत वाईट जागा आहे. चढावर आगीच्या ज्वाळा पुढच्या गवतावर ओणवतात आणि ते आधीच तापवून ठेवतात; उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणून खालून चढत येणारी आग मध्यावरची सहा मीटरची रेषा सहज ओलांडते, आणि वरून उतरणाऱ्या आगीत पेटलेले ओंडके आणि शेणाच्या गोवऱ्या गडगडत रेषेपलीकडे जातात. जाळरेषा धारेवर, माथ्यावर असावी. तिथे पोहोचेपर्यंत आगीचा चढ संपतो, तिचा जोर मोडतो आणि माणसांना उभे राहून काम करता येते. जिथे गाडीरस्ता, पाणंद, ओढ्याचे पात्र किंवा कातळसडा आहे, तिथे नवी रेषा काढण्याची गरजच नाही. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांसाठी झालेले रस्ते वणव्याच्या दिवशी फार उपयोगी पडतात.

दुसरी उणीव बहुतेक गावांत दिसते ती अशी की गवत कापतात आणि तिथेच टाकतात. कापून पडलेले गवत उभ्या गवतापेक्षा सावकाश जळते एवढेच. ते दाताळ्याने ओढून बाजूला काढले किंवा जाळले पाहिजे. हे सारे फेब्रुवारीच्या मध्याआधी व्हायला हवे, कारण वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरलेला असतो आणि शिमग्याच्या आसपास डोंगर कोरडा ठणठणीत झालेला असतो. रोपांभोवती हातभर रुंदीचे गवत मुळासकट काढून दगडांचे कडे करावे. वणवा त्यावरून गेला तरी काही रोपे वाचतात आणि काही बुडातून पुन्हा फुटतात. आपली जळालेली रोपे उपटून टाकण्याची घाई केली नसेल अशी आशा आहे. येत्या श्रावणापर्यंत त्यांतली काही फुटलेली दिसतील.

धारेवर रेषा काढायची म्हटली की खरी अडचण सुरू होते, आणि मला वाटते आपल्या मुंबई मंडळाचा उपयोग इथे आहे. आपल्या भागात माथ्याकडच्या जमिनी बहुतेक मालकीच्या आहेत. पूर्वी त्यांवरचे गवत पावसाळा संपताच कापले जाई, कारण प्रत्येक घरी दावणीला जनावरे होती. आता घरे बंद आहेत, जनावरे गेली, आणि गवत कमरेएवढे उभे राहून वाळते. वणवे वाढले असे आपण म्हणतो, तेव्हा काड्या लावणारे वाढलेले नाहीत, जळायला गवत वाढले आहे. एका गावात धारेवरच्या एकाच गटाच्या सातबाऱ्यावर १७ सहहिस्सेदार निघाले. त्यांतले तिघे गावात, बाकीचे मुंबई, ठाणे आणि सुरतेला. त्यांच्या परवानगीशिवाय गवत कापायला गेलेल्या मुलांना ‘जमीन लाटायला आले’ असे ऐकून घ्यावे लागले. ती परवानगी गावातला कोणीही तरुण मिळवू शकत नाही. मंडळाचा कार्यकर्ता मात्र दोन रविवारांत मिळवू शकतो. दरवर्षी गवत कापण्यास व ओढून काढण्यास हरकत नाही, त्यातून जमिनीवर कोणताही हक्क निर्माण होणार नाही, आणि कापलेले गवत कोणी न्यायचे, एवढ्या तीन वाक्यांचे संमतिपत्र पुरते. शेजारच्या गावाचेही मंडळ मुंबईत असेलच. दोन गावांची माणसे डोंगरावर एकमेकांशी बोलत नसली तरी त्यांचे भाऊ बहुधा परळला किंवा घणसोलीत एकाच चाळीत राहत असतात.

म्हणून एक लाखाबद्दल माझे उत्तर असे आहे. ब्लोअर साग-ऐनाच्या पानगळीच्या जंगलात, जिथे जमिनीवर फक्त पाचोळा असतो, तिथे उत्तम. तो पाचोळा उडवून काही मिनिटांत रेषा मोकळी करतो. कमरेएवढ्या गवतात त्याचा फार उपयोग नाही, आणि त्याचे वजन व इंधन घेऊन चढणे वेगळेच. पाठीवरचा पंप आग विझल्यानंतर धुमसणारे खुंट आणि शेण गार करण्यास चांगला. आगीच्या तोंडावर तो अपुरा पडतो. तेव्हा एखादा ग्रास कटर, विळे, दाताळी, चामड्याचे जाड बूट, बॅटऱ्या आणि पाण्याचे कॅन घ्यावेत, आणि उरलेली, म्हणजे मोठी रक्कम गवत कापण्याच्या मजुरीसाठी ठेवावी. त्या मजुरीतले निम्मे हात शेजारच्या गावातले असावेत, हा माझा आग्रह आहे. ज्याने स्वतः चार दिवस रेषा काढली, त्याला ती ओलांडून गेलेली आग सहन होत नाही. ‘यंदा वणवा लागला नाही तर शेजारच्या गावाला बक्षीस’ असा प्रयोग आम्ही एकदा केला होता. पहिल्या वर्षी जमला. दुसऱ्या वर्षी बक्षीस कोणत्या वाडीचे यावरून भांडण झाले आणि तिसऱ्या वर्षी पैसे नाहीत म्हटल्यावर सगळेच बिघडले. तो करू नये.

तक्रारीबद्दल. पहिल्या वर्षी, बैठक होण्याआधी, करू नये. बैठक होऊन, तारीख आणि पट्टा ठरूनही एकच माणूस शिकारीसाठी किंवा जमिनीच्या वादातून मुद्दाम आग लावत असेल, तर अवश्य करावी, आणि ती दोन्ही गावांच्या सह्यांनी करावी. कायद्यातील एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते. भारतीय वन अधिनियमाच्याच कलम ७९ नुसार राखीव किंवा संरक्षित वनात चराईचा किंवा वनोपजाचा हक्क अथवा परवानगी असलेल्या प्रत्येकावर आगीची माहिती देण्याचे आणि ती विझवण्यास मदत करण्याचे बंधन आहे. लगतच्या गावात शासनाचे मानधन घेणारी व्यक्तीही त्यात येते. ही तरतूद धाक म्हणून वापरण्यापेक्षा, पोलीस पाटलांना बैठकीस बोलावण्याचे निमित्त म्हणून वापरली तर जास्त फळ देते. वनखात्याकडून काय मागायचे, तेही नेमके ठरवावे. एका वनरक्षकाच्या नियतक्षेत्रात (बीटमध्ये) अनेक गावे येतात. तो सगळीकडे पोहोचेल अशी अपेक्षा ठेवणे त्याच्यावरही अन्याय आहे. ‘लक्ष द्या’ असा अर्ज देण्याऐवजी राखीव वनाच्या बाजूची रेषा अमुक खुणेपासून अमुक खुणेपर्यंत, आमची रेषा जिथे संपते तिथेच येऊन मिळावी, असा नकाशासह अर्ज नोव्हेंबरमध्येच वनपालांकडे द्यावा. खात्याची आणि गावाची अशा दोन्ही रेषा चोख असूनही मधल्या दोनशे मीटरच्या फटीतून डोंगर जळालेला मी पाहिला आहे.

विझवण्याविषयी मी थोडक्यात पण कठोरपणे लिहितो. एप्रिल २०२१ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन हंगामी मजुरांचा मृत्यू झाला; मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात पायी भटकंतीला गेलेली माणसे आगीत सापडून वीसहून अधिक जण गेले. आगीच्या वरच्या बाजूला, तिच्या चढाच्या वाटेवर, कोणीही जाऊ नये. घळीत तर मुळीच नाही. जळून काळ्या झालेल्या बाजूने, कडेकडेने झोडपत पुढे सरकावे, म्हणजे मागे फिरायला जळालेली जमीन असते. अंगावर सुती कपडे असावेत, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटते. एकाने लांबून, समोरच्या टेकडीवरून, आग पाहून फोनवर सांगावे आणि बाकीच्यांनी त्याचे ऐकावे. कोणता तुकडा वाचवायचा आणि कोणता जळू द्यायचा, हे दोन्ही गावांनी आधीच ठरवून ठेवावे. आपल्या कड्याखालचा उभा गवताळ उतार भर दुपारी जळत असेल तर तो जळू द्यावा आणि माणसे धारेवर न्यावीत. निरोपासाठी दोनशे जणांचा व्हॉट्सअ‍ॅप गट उपयोगाचा नसतो. त्यावर फोटो भरपूर येतात, माणसे येत नाहीत. प्रत्येक वाडीत तीन नावे, ती नावे वनरक्षकाकडे, आणि वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक, एवढे पुरे.

हे सारे जमले तरी फळ किती आणि केव्हा मिळेल, हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: पाऊस कधी थांबला, गवत किती माजले, शेजारच्या गावात सध्या कोणाचे चालते. माझ्या अनुभवात पहिल्या वर्षी आगींची संख्या तेवढीच राहते, फक्त जळालेले क्षेत्र घटते. म्हणून मोजायचे ते क्षेत्र मोजावे. आणि सर्वांत धोक्याचे वर्ष तिसरे किंवा चौथे असते, याची मी आताच सूचना देऊन ठेवतो. दोन-तीन वर्षे डोंगर जळला नाही की जुने वाळलेले गवत थरावर थर साठते, सगळे निश्चिंत होतात, आणि तेव्हा लागलेली आग झाडांच्या शेंड्यापर्यंत जाते. राखलेल्या उतारावर गवत कापून नेण्याची किंवा ठरावीक चराईची सोय कराराच्या पहिल्याच वर्षी लिहून ठेवली नाही, तर आपले यशच वणव्याला इंधन पुरवते. ‘राखले’ म्हणजे ‘हात लावायचा नाही’ असे समजणाऱ्या दोन गावांत मी हे झालेले पाहिले आहे.

दिवाळीला मुंबईची मंडळी गावी येतील. बैठक त्याच आठवड्यात धरावी आणि शेजारच्या गावाला निमंत्रण आपण पाठवण्याऐवजी, शक्य असेल तर, दोन्ही गावांचा जो देव एक आहे त्याच्या पुजाऱ्याकडून जावे. त्याआधी धारेवरचे गट नंबर आणि त्यांचे सहहिस्सेदार यांची यादी तलाठ्याकडून काढून ठेवावी. आपल्या मजकुरात एका गोष्टीचा उल्लेख नाही, ती कळवल्यास पुढचे अधिक नेमके सांगता येईल: त्या मार्चच्या दुपारी धूर पहिल्यांदा दिसला तेव्हा वरच्या पठारावर मेंढपाळांचा मुक्काम होता की नाही, आणि खालच्या बाजूला त्या आठवड्यात ऊसतोड झालेली होती का?